नाचले म्हणून बाटले?

बीड-अंबाजोगाईकडे इंग्रजी रॉक ऐकणारी मंडळी मूठभर, पण भांडायला बसली की अख्ख्या जिल्ह्याचा निकाल आपल्याच हातात असल्यासारखी भांडतात. भांडणाचा एक विषय वर्षानुवर्षं ठरलेला आहे : ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा ‘हॉट स्पेस’ हा अल्बम. २१ मे १९८२ रोजी तो बाजारात आला. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहांमधून त्याच्या कॅसेटी आमच्याकडे पोचल्या, आणि पोचल्या त्या दिवसापासून जुन्यांचं मत एकच : क्वीन संपला, डिस्कोच्या नादी लागून बाटला. आता नव्या पिढीने पारडं उलटं फिरवलंय. तिच्या मते ही काळाच्या पुढची, न समजलेली अजरामर कृती आहे. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. जुन्यांशी माझं भांडण मोठं आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे वळतो.

तसं हे प्रकरण आपल्याला अगदीच परकं नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. तो शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. त्याचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ तिथल्याच शाळकरी पोरांचा, आणि त्यात हा पियानो वाजवायचा. महाबळेश्वरला निघालेली मराठी कुटुंबं ज्या गावात चहाला थांबतात, तिथे त्याचा हात बसला. त्यामुळे या वादात चार शब्द बोलायचा हक्क आपल्यालाही आहे.

जुन्यांचा पहिला आक्षेप असा की, रॉक हा क्वीनचा धर्म होता आणि ‘हॉट स्पेस’मध्ये त्यांनी तो सोडला. पण हा धर्म त्यांनी स्वीकारला होता कधी? ज्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ (१९७५) अल्बमची जुनी मंडळी शपथ घेतात, तोच काढून बघा. एका गाण्यात ऑपेरा आहे, दुसऱ्यात जुन्या इंग्रजी नाट्यगृहांतली थट्टामस्करी. तिसरं लोकगीताच्या वळणाचं, आणि चौथ्यात बँडचा गिटारवादक ब्रायन मे गिटारमधूनच जाझचा वाद्यवृंद उभा करतो. १९७९ मध्ये त्यांनी पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकी ढंगाचं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ केलं. तेव्हा कोणी बाटल्याची ओरड केली नाही. वेश बदलत राहणं हाच या चौघांचा स्वभाव होता. ऑपेराचा वेश चालतो, नाचाचा चालत नाही, असं म्हणणाऱ्याने आधी सांगावं की त्याची अडचण नेमकी कशाशी आहे.

ही अडचण कुठून आली, तेही पाहू. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनोंच्या आणि समलिंगींच्या क्लबांमध्ये वाढलेलं संगीत. त्या रागात संगीताची चिकित्सा किती होती आणि त्या माणसांविषयीची चीड किती, हा प्रश्न तिकडचे अभ्यासकही विचारत आले आहेत. आपल्याकडचे रॉकप्रेमी मात्र तो राग आयता उचलून आणतात आणि त्याला अभिरुची म्हणतात. इथले शास्त्रीय संगीतवालेही त्या वर्षांत मागे नव्हते. नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’ १९८१ चं, मिथुनचा ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. दोन्हींवर संस्कृती बुडाल्याची टीका झाली. संस्कृती काही बुडाली नाही.

दुसरा आक्षेप यंत्रांचा : ढोल माणसाने वाजवायचा, यंत्राने नाही. क्वीनने स्वतःच हा आक्षेप ओढवून घेतला, हे मान्य. सत्तरच्या दशकातल्या अल्बमांच्या वेष्टनांवर ते अभिमानाने छापायचे की यात सिंथेसायझर नाही. पण ती शपथ १९८० च्या ‘द गेम’मध्येच मोडली होती, आणि त्या अल्बमबद्दल कुणाची तक्रार नाही. त्याहून गंमत पुढची आहे. १९८४ चं ‘रेडिओ गा गा’ सिंथेसायझर आणि यांत्रिक तालावरच उभं आहे. १३ जुलै १९८५ ला ‘लाइव्ह एड’ या मैफलीत अख्ख्या वेम्बली मैदानाने त्यावर हात उंचावून टाळ्या वाजवल्या. ते दृश्य पाहून आमचे जुने मित्र डोळे पुसतात आणि पुढच्याच श्वासाला ‘हॉट स्पेस’मधल्या यंत्रांना शिव्या घालतात.

वाद्याच्या सोवळ्याचा अनुभव आपल्यालाही पुरेसा आहे. पेटी परकी, तिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही नारळी सप्ताहात जाऊन पेटीशिवाय कीर्तन उभं करून दाखवा. शास्त्रीय मैफलीत गवयामागे तंबोऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र गुणगुणत असतं, त्याकडे आता कुणी मान वळवूनही बघत नाही.

आणि १९८२ चंच आणखी एक मुंबईकर उदाहरण जुन्यांच्या तोंडावर ठेवायलाच हवं. सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी त्या वर्षी रोलँड कंपनीची नवी यंत्रं घेऊन ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. राग भैरव, राग मेघमल्हार, सगळे यांत्रिक तालावर. एचएमव्हीने ती काढली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि शिकागोत जन्मलेल्या ‘अॅसिड हाउस’ संगीताच्या कितीतरी आधीची ही चाहूल, म्हणून जगभर तिची चर्चा झाली. यंत्र आलं म्हणून संगीत मेलं, हे विधान त्याच वर्षी आपल्याच मुंबईत खोटं पडलेलं होतं.

तिसरा आक्षेप म्हणजे कटाची कथा. फ्रेडी आणि बास वाजवणारा जॉन डीकन यांनी बँड पळवला, बिचारा ब्रायन मे बघत राहिला. ‘बॅक चॅट’मध्ये गिटार असावी की नसावी यावरून मे आणि डीकन यांची वाजली, हे खरं. पण पहिल्या बाजूवरचं ‘डान्सर’ कुणी लिहिलं? ब्रायन मेने. ‘अॅक्शन धिस डे’ ढोलवादक रॉजर टेलरचं. चौघांनीही या पाण्यात पाय घातले होते. आणि दोन वर्षं आधी ज्या गाण्याने त्यांना अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं, ते ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचंच, तेही नाचाचंच. तेव्हा सगळे खूश होते.

राहिला अमेरिका हातची गेल्याचा आरोप. ‘हॉट स्पेस’ तिकडे २२ व्या क्रमांकापर्यंत गेला. मग रॉककडे परतलेला म्हणून गौरवला जाणारा पुढचा अल्बम ‘द वर्क्स’ कितीवर पोचला? २३ वर. पुढे बोलायला नको.

आता नव्यांकडे. त्यांचा लाडका मुद्दा असा की, मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ याच अल्बममधून निघाला. पण ‘हॉट स्पेस’ मे महिन्यात आला आणि ‘थ्रिलर’चं ध्वनिमुद्रण त्याआधी एप्रिलमध्येच सुरू झालं होतं. शिवाय १९७९ च्या ‘ऑफ द वॉल’मध्ये जॅक्सन आणि त्याचा निर्माता क्विन्सी जोन्स यांनी तो रस्ता आधीच आखलेला होता. जॅक्सनला हा अल्बम आवडला असेलही, पण दुसऱ्याच्या मुलाच्या गुणांवर आपल्या मुलाचं लग्न जमवू नये. ‘बॉडी लँग्वेज’सुद्धा त्यांना धाडसी वाटतं, कारण त्याचा व्हिडिओ एमटीव्हीने दाखवायला नकार दिला. बंदी आली म्हणून गाणं चांगलं होत नसतं. ते गाणं उघडंबोडकं आहे, आणि ते उघडेपण चार मिनिटं सावरून धरण्याइतकी चाल त्यात नाही.

माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. ‘हॉट स्पेस’चा दोष हा की क्वीन त्यात अर्धवट नाचले. पहिल्या बाजूवर पाच गाणी एका निश्चयाने येतात. ‘स्टेइंग पॉवर’मध्ये आरिफ मार्डिनने बांधलेले पितळी वाद्यांचे फटकारे आहेत. ‘बॅक चॅट’मध्ये बास आणि कोरडी, तुटक गिटार एकमेकींना उलट उत्तरं देतात आणि वर फ्रेडी चिडून गातो, भांडणाच्या गाण्याला याहून योग्य अंग कुठलं? इथे बँड पूर्ण शुद्धीत आहे. मग तबकडी उलटा, आणि धीर सुटतो. ‘पुट आउट द फायर’मध्ये जुनी गिटार ओरडत येते, जणू रागावलेल्या ग्राहकाची समजूत काढायला. जॉन लेननसाठीचं गाणं येतं, स्पॅनिश मुखड्याचं प्रेमगीत येतं. सुटी ऐकली तर ती वाईट नाहीत, पण पहिल्या बाजूने जे वचन दिलं होतं ते ही मोडतात. अपवाद ‘कूल कॅट’चा. तिथे फ्रेडी सबंध गाणं चोरट्या आवाजात गातो आणि डीकनसोबत पुन्हा त्या उबेच्या खोलीत शिरतो.

आणि शेवटी ‘अंडर प्रेशर’. गायक डेव्हिड बोवीसोबत माँत्रोच्या स्टुडिओत जमलेलं, ऑक्टोबर १९८१ मध्ये आधीच निघून ब्रिटनमध्ये पहिलं आलेलं. यावर मात्र जुन्या-नव्यांचं एकमत आहे. जुन्यांना मी एवढंच विचारतो : यात गिटारचं एकल वादन कुठे आहे? गाणं बासच्या जोरावर चालतं, चुटक्या-टाळ्यांवर तोललेलं, आणि गायक निम्मा वेळ अर्थहीन बोल गातो. तुम्ही ‘बॅक चॅट’वर जे जे आरोप ठेवता, ते सगळे याच्यावरही लागू आहेत. तरीही तुम्ही ते डोक्यावर घेता, कारण ते यशस्वी झालं. हीच कसोटी असेल, तर सौंदर्याच्या गप्पा सोडा आणि विक्रीचे आकडे वाचत बसा.

५ जून १९८२ ला मिल्टन कीन्सच्या मैफलीत क्वीनने ‘स्टेइंग पॉवर’ गिटारी लावून वाजवलं. ते ध्वनिमुद्रण २००४ मध्ये निघालं आहे. ते ऐकल्यावर गाण्याच्या हाडात जोर नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. स्टुडिओतला कोरडेपणा ही त्यांनी समजून केलेली निवड होती. ती न आवडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे; तिला फितुरी म्हणण्याचा कुणाला नाही.

तेव्हा वाद पुढे चालवायचा असेल तर एक करा. पहिली बाजू सलग ऐका, ‘बॉडी लँग्वेज’ वगळलंत तरी चालेल, आणि तिला ‘कूल कॅट’ व ‘अंडर प्रेशर’ जोडा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. या अल्बमचा सगळा जीव डीकनच्या खर्जात आहे, आणि त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही.