पुराव्याचा भार आणि वकिलाचा आधार

परदेशी नागरिकांचा प्रवेश, वास्तव्य आणि निर्गमन यांचे नियमन करणारे विधेयक २७ मार्च २०२५ रोजी लोकसभेत संमत झाले. २ एप्रिलला राज्यसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो कायदा अमलात आला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या सालांतील चार कायद्यांची जागा या एका कायद्याने घेतली. भारत ही काही धर्मशाळा नव्हे, ही गृहमंत्री अमित शहा यांची भूमिका त्या चर्चेत गाजली. प्रशासनाच्या हाती एकवटणाऱ्या अधिकारांबद्दल विरोधकांनी चिंता व्यक्त केली. घुसखोरी, सुरक्षा आणि शिक्षेची मुदत यांवरील या वादात एक साधा प्रश्न मागे पडला. ज्या माणसाच्या दर्जाविषयी सरकारला शंका आली, त्याने आपली बाजू मांडायची ती कुणाच्या मदतीने?

या प्रश्नाला महत्त्व येते ते कायद्याच्या रचनेमुळेच. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. परदेशी नागरिकांच्या कायद्यात हे तत्त्व उलटे होते. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार १९४६च्या कायद्याने संबंधित व्यक्तीवरच टाकला होता आणि २०२५च्या कायद्याने ती तरतूद कायम ठेवली. नागरिकत्वाची माहिती ज्याची त्यालाच अधिक असते, हे त्यामागचे समर्थन. तर्क म्हणून ते पटण्याजोगे आहे. परंतु माहिती असणे आणि ती कायद्याला मान्य होईल अशा कागदावर मांडता येणे, यांत महदंतर आहे. जन्मदाखला, शिधापत्रिका आणि मतदारयादी या तिन्हींत नाव एकाच पद्धतीने लिहिले गेले आहे, असे छातीठोकपणे सांगणारी कुटुंबे थोडीच निघतील. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या मराठी स्त्रीला माहेरचे नाते कागदावर जोडताना काय यातायात करावी लागते, हे कोणत्याही सरकारी कार्यालयात दिसते. नदीच्या पुरात घरासह कागद गमावलेल्या निरक्षर मजुराकडून मग कोणती अपेक्षा ठेवायची?

आसामचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील विदेशी नागरिक न्यायाधिकरणांनी १९८५ पासून फेब्रुवारी २०१९ पर्यंत ६३,९५९ व्यक्तींना एकतर्फी सुनावणीत परदेशी ठरवले, अशी माहिती केंद्र सरकारनेच जुलै २०१९ मध्ये लोकसभेत दिली. एकतर्फी याचा अर्थ, निर्णयाच्या वेळी दुसरी बाजू समोरच नव्हती. यांतील काही जण खरोखरच परदेशी असतील आणि मुद्दाम गैरहजर राहिले असतील. पण नोटीस समजली नाही, तारखेला पोहोचता आले नाही, वकील परवडला नाही, म्हणून मागे राहिलेले किती, हे त्या आकड्यातून कळण्याची सोय नाही. आसामातील असाच एक रहिवासी २०१२ साली एकतर्फी निकालात परदेशी ठरला. ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो भारतीय असल्याचा निर्वाळा दिला. नावाच्या स्पेलिंगमधील किरकोळ तफावत हा कुणाला परदेशी ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही आणि पुराव्याचा भार व्यक्तीवर असला, तरी संशयाला काही ठोस आधार सरकारकडे आधी असावा लागतो, असे न्यायालयाने बजावले. या न्यायाला बारा वर्षे लागली.

याउलट एक उदाहरण महाराष्ट्राच्या चांगलेच स्मरणात आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यात जिवंत सापडलेला अजमल कसाब हा पाकिस्तानी होता आणि त्याच्या कृत्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. तरीही विशेष न्यायालयाने त्याला वकील दिला, सर्वोच्च न्यायालयाने न्यायमित्र नेमला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम करणाऱ्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व दंडाधिकाऱ्यांना आदेश दिला की, अटक झालेली व्यक्ती प्रथम समोर येताच तिला वकिलाचा हक्क समजावून सांगावा आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील द्यावा. त्या वेळी यावर टीका झाली, पण भारतीय न्यायव्यवस्थेची प्रतिष्ठा त्यातूनच वाढली. आता विसंगती पाहा. दहशतवाद्याला वकील मिळतो, कारण त्याचे प्रकरण ‘फौजदारी’ असते. गवंडीकाम करणाऱ्या मजुराला तो मिळेलच याची हमी नसते, कारण त्याची ‘पडताळणी’ ही प्रशासकीय बाब मानली जाते. परिणामाच्या दृष्टीने मात्र या पडताळणीत तो घर, रोजगार आणि प्रसंगी देश गमावून बसतो.

२०२५ मध्ये ही भीती खरी ठरली. जूनमध्ये महाराष्ट्रात बांगलादेशी समजून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे धाडले गेले. ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीत राहणाऱ्या, मूळच्या बीरभूम जिल्ह्यातील दोन कुटुंबांना बांगलादेशात पाठवण्यात आले. त्यांत एक गर्भवती स्त्री होती. पडताळणीसाठी तीस दिवसांची मुदत गृहमंत्रालयानेच घालून दिली होती, तरीही ही कारवाई घाईने उरकली गेली, असा ठपका ठेवून कोलकाता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर केंद्राने मानवतेच्या भूमिकेतून संमती दिली आणि डिसेंबरमध्ये ती स्त्री आपल्या लहान मुलासह परतली. या प्रकरणांत कुणी नातेवाईक, कुणी राज्य सरकार, कुणी वकील पाठीशी उभा राहिला. ज्यांच्यामागे कुणीच नाही, त्यांची नोंद कुठे होणार?

वस्तुत: यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३९-अ न्यायाची संधी ‘नागरिका’ला नाकारली जाऊ नये, असे म्हणतो. त्या शब्दावर बोट ठेवून परदेशी वा संशयित व्यक्तीला मोफत विधी साहाय्य कशाला, असा युक्तिवाद करता येईल. परंतु त्याच अनुच्छेदातून जन्मलेल्या १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम ‘प्रत्येक व्यक्ती’ असा शब्द वापरते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, ताब्यात असलेली व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील गरीब यांना ते हक्क देते. त्याच कायद्यातील ‘न्यायालय’ या संज्ञेच्या व्याख्येत न्यायाधिकरणे आणि अर्धन्यायिक अधिकारी यांचाही समावेश आहे. अटकेतील व्यक्तीला वकिलाचा सल्ला घेऊ देणारा अनुच्छेद २२ आणि जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण करणारा अनुच्छेद २१ हेही ‘व्यक्ती’विषयीच बोलतात. तेव्हा अडचण कायद्यात नाही. पोलीस चौकी आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय यांच्या दारापर्यंत तो कायदा पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

शिवाय प्रत्येक प्रकरण हद्दपारीचे नसते. अनेकदा गरज असते ती वेळीच मिळणाऱ्या सल्ल्याची. नागपूर आणि उल्हासनगर येथे पाकिस्तानातून आलेली अनेक सिंधी हिंदू कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असा स्वतंत्र खुलासा सरकारला करावा लागला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्य समुदायांतील लोकांना पारपत्र व व्हिसाच्या अटीतून सूट मिळाली. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची मुदत मात्र ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे. म्हणजे राहण्याची मुभा मिळाली, तरी या कायद्याखाली नागरिकत्व मिळेलच असे नाही. हा भेद दुकान चालवणाऱ्या निर्वासिताला कोण समजावून सांगणार? सरकारी व्यवस्था गप्प राहिली की ती जागा दलाल घेतो, आणि चुकीच्या अर्जाची किंमत अर्जदारच मोजतो.

परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार निर्विवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर प्रकरणात आणि १९९१ साली लुई डी रेट प्रकरणात तो मान्य केला आहे. सीमावर्ती राज्यांची अस्वस्थताही खोटी नाही. मात्र हा अधिकार परदेशी व्यक्तीविरुद्ध आहे. समोरची व्यक्ती परदेशी आहे की नाही, हे आधी अचूक ठरले पाहिजे. वकील आला की दिरंगाई होते, हा आक्षेपही तपासून घ्यावा लागेल. पहिल्याच सुनावणीत कागद नीट मांडले गेले, तर वरच्या न्यायालयांतील फेऱ्या वाचतात. खऱ्या परदेशी व्यक्तीबाबतचा निर्णयही मग अधिक टिकाऊ ठरतो.

भारत स्वत:च्या नागरिकांसाठी जगाकडे हेच मागतो. कुलभूषण जाधव यांच्यासाठी हरीश साळवे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे राहिले ते याच मुद्द्यावर. जाधव यांना भेटण्याचा आणि त्यांच्यासाठी वकील नेमण्याचा भारताचा हक्क पाकिस्तानने डावलला, असा निकाल १७ जुलै २०१९ रोजी लागला. परदेशात अडकलेल्या भारतीयांना कायदेशीर मदत देण्यासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, तेव्हा त्यांना मिळालेल्या वागणुकीचे पडसाद संसदेत उमटले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी रद्द केल्या. त्यांत भारतीयही होते. ज्यांनी वकील गाठले, त्यांच्या बाजूने अनेक न्यायालयांनी अंतरिम आदेश दिले आणि अखेर प्रशासनाला त्या नोंदी पूर्ववत कराव्या लागल्या. मुलगा शिकागोत असताना वकिलाची किंमत कळते. धारावीतल्या मजुराच्या बाबतीत ती विसरता येणार नाही.

केंद्राने करायचे ते फारसे खर्चाचे नाही. दर्जाविषयीची प्रत्येक नोटीस संबंधिताला समजेल अशा भाषेत द्यावी आणि तीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांक छापावा. व्यक्ती ताब्यात घेताच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक करावे. पडताळणीच्या तीस दिवसांत वकिलाची भेट झाल्याची नोंद असल्याखेरीज कुणालाही सीमेकडे नेऊ नये. निर्णय लेखी आणि सकारण असावा, म्हणजे त्याला आव्हान देता येईल. गृह आणि विधी मंत्रालयांनी एकत्रित परिपत्रक काढले, तर एवढे साधते.

सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारने व्यक्तीवर टाकली आहे. ती टाकणाऱ्यानेच सिद्ध करण्याचे साधनही दिले पाहिजे. कारण चूक झाली तर सीमेपलीकडे जाणारा माणूस कदाचित याच देशाचा असेल, आणि त्याला परत आणण्यासाठी प्रत्येक वेळी एखादे उच्च न्यायालय वेळेवर धावून येईलच, अशी खात्री देता येत नाही.