दिसली नाही तर बंदूक कशाला?

बाबा गेले तेव्हा मागे साडेतीन एकर संत्र्याची बाग राहिली, एक जुनी मोपेड आणि .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. बागेबद्दल कुणी काही बोललं नाही. रिव्हॉल्व्हरबद्दल मात्र प्रत्येक नातेवाइकाला मत होतं.

आधी ते ठाण्यात जमा केलं. मग मामा मागे लागला. "वारस म्हणून तुया नावावर करून घे. पोरगी माणूस, जवळ पाहिजेच. बापाची आठवण हाये ते." मी सव्वीस वर्षांची. मला पटलं. खरं सांगायचं तर जरा भारीही वाटलं.

बाबांकडे कारण होतं. कळमन्याला माल विकून रोख रक्कम घेऊन ते रात्री एकटे सावनेरला यायचे. आता व्यापारी खात्यावर पैसे टाकतो आणि मजुरांना मी फोनपे करते. म्हणजे कारण गेलं, वस्तू उरली. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

लायसन्स नावावर झालं आणि पहिल्याच दिवशी प्रश्न आला: ठेवायचं कुठे? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सार्वजनिक ठिकाणी न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या पिशवीत, अंगाला अडकवलेलं आणि पूर्ण झाकलेलं हवं. शिवाय त्यावर तुमचा ताबा हवा. आता कुर्ता-लेगिंगला बेल्ट कुठून आणू? म्हणून पर्स. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, अर्धा किलोचं, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं. पर्समध्ये मावतं याचं तेव्हा कोण कौतुक झालं होतं! पण पर्स खांद्यावरून काढली की ताबा संपला. टपरीवर ती खुर्चीला अडकवता येत नाही, बसमध्ये वर ठेवता येत नाही, लग्नात मैत्रिणीला "जरा धर गं" म्हणता येत नाही. बँकेत, कोर्टात जायचं तर घरीच ठेवायचं. आणि घरी ठेवायचं म्हणजे भिंतीत पक्की केलेली तिजोरी, काडतुसं वेगळी, किल्ली फक्त माझ्याकडे.

प्रशिक्षणात मूळ गोष्टी सांगितल्या होत्या. ते नेहमी भरलेलंच आहे असं समजा. नळीचं तोंड माणसाकडे नको. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. निशाण्याच्या मागे काय आहे ते बघा. सगळं बरोबर, आणि सगळं अर्ध्या दिवसात उरकलं. झोप झालेली नाही, भांडण करून घराबाहेर पडलोय, अशा दिवशी ते न्यायचंच नाही, हे कुणी सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यात ताई माहेरी आली. मी पर्स पलंगावर टाकून हात धुवायला गेले. दोन मिनिटं. परत आले तर पाच वर्षांची भाची चॉकलेट शोधत होती, आणि होल्स्टर तिच्या मांडीवर. "मावशी, हे काय?" होल्स्टरचं बटण कडक होतं म्हणून. बाकी काही नाही. माझी जबाबदारी एका बटणाएवढी होती.

आपल्याकडची मोठी प्रकरणं आठवून बघा. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावानं, लायसन्सच्या पिस्तुलातून, वरळीच्या घरात. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरला अभिषेक घोसाळकरांचा फेसबुक लाइव्हवर खून झाला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पहाटे गोविंदाच्या पायात गोळी शिरली ती त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरमधून, स्वतःच्या घरात. या तिन्हींत अंधाऱ्या रस्त्यावरचा तो अनोळखी लुटारू कुठे आहे?

आणि तो आलाच तर? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण धोका टळला की हक्कही संपतो, आणि पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही. हे अंधारात, दोन सेकंदांत ठरवायचं. मला तर बागेत कोणती फांदी छाटायची हे ठरवायला दहा मिनिटं लागतात.

आता रील बघा. शर्ट वर केलेला, कमरेला काळी मूठ, मागे गाणं. बैतूल आणि छिंदवाड्याचे रस्ते आमच्या गावातून फुटतात. त्या नाक्यावर उभं राहून असे व्हिडिओ काढणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या किती जणांकडे लायसन्स असेल, देव जाणे. पण लायसन्सवाले काका तरी काय वेगळं करतात? लग्नात सदरा मुद्दाम सरकवतात. वरातीत हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे त्यांना माहीतही नसतं. कायदा म्हणतो झाका. यांना ती दाखवायचीच असते. उद्या सक्ती केली की ती कुणालाही कधीही दिसता कामा नये, घरच्यांनाही नाही, तर अर्जांची रांग किती उरेल?

"बाईनं जवळ ठेवावंच" म्हणणाऱ्या एकाही पुरुषानं केळवद रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार माझ्यासोबत येऊन दिलेली नाही. मी ती तीनदा दिली.

रिव्हॉल्व्हर मी परत जमा केलंय. मामा महिनाभर बोलला नाही. मागच्या आठवड्यात आला, म्हणाला स्वतःसाठी अर्ज करतोय. मी विचारलं, तिजोरी कुठे बसवणार? किल्ली कुणाकडे? संध्याकाळी बसायला जातोस तेव्हा ते कुठे असेल?

"पाहू न वं नंतर," मामा म्हणाला. "आधी लायसन्स तं येऊ दे."