अदृश्य दरवान आणि खरा खातेदार

महसूल कचेरींत तीस वर्षें अर्ज हाताळतांना आम्हीं एक रीत कटाक्षानें पाळली : अर्ज नामंजूर करावयाचा तर त्यावर कारणाचा शेरा लिहावयाचा. शेऱ्यावांचून परत गेलेला अर्जदार कोणती चूक सुधारील? हल्लीं सातबाराचा उतारा, अनुदानाचे अर्ज, पेढीचा हिशेब हीं कामें मोबाईलवर होऊं लागलीं आहेत. आणि त्या दारावर शेरा न लिहिणारा एक दरवान बसला आहे. त्याविषयीं चार शब्द लिहिणें अगत्याचें वाटतें.

दरवान नेमण्याचें कारण खोटें नाहीं. बॉट नांवाच्या यांत्रिक आज्ञावल्या थोड्या वेळांत हजारों पासवर्ड लावून पाहतात. त्यांस अडविण्यासाठीं पूर्वीं वेडींवांकडीं अक्षरें वाचावयास देत. २०१७ सालीं गूगलनें अदृश्य रीकॅप्चा आणला, व २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तींत प्रश्न विचारणेंच सोडून दिलें. ती आवृत्ति आपली वागणूक मुकाट्यानें पाहून ० ते १ यांमधील गुण देते. १ म्हणजे बहुधा मनुष्य, ० म्हणजे बहुधा यंत्र. किती गुणांखालीं अडवावें, हें संकेतस्थळाचा चालक ठरवितो.

परंतु 'बहुधा' म्हणजे 'निश्चित' नव्हे. मोबाईलच्या जाळ्यांत पुष्कळ ग्राहकांचा बाहेर दिसणारा पत्ता एकच असतो; त्यांतील एकाची लबाडी सर्वांच्या माथीं बसूं शकते. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, तें असें. गेल्या खरिपांत एका संकेतस्थळानें पासवर्ड बिनचूक असतां मला संध्याकाळभर 'पुन्हा प्रयत्न करा' एवढेंच सांगितलें. दुसरे दिवशीं पुतण्याच्या घरच्या जोडणीवरून पहिल्याच खेपेस दार उघडलें.

मला एक दिवसाचा खोळंबा झाला. पण मुदतीचा शेवटचा दिवस असतां अडलेला शेतकरी काय करितो? तो आपला पासवर्ड व ओटीपी बाजारांतील एखाद्या मध्यस्थाच्या हवालीं करितो. म्हणजे चोरासाठीं बसविलेल्या पहाऱ्यामुळेंच किल्ली परक्याच्या हातीं जाते!

१९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणें फेरफारावर हरकत आल्यास तलाठ्यानें तिची लेखी पोंच द्यावयाची असते. यंत्राकडूनही एवढीच अपेक्षा आहे. अडविलें तर तसें स्पष्ट सांगावें. संशय आल्यास दार बंद न करितां ओळखीचा दुसरा पुरावा मागावा. आणि जेथें मनुष्य उत्तर देईल असें एक ठिकाण ठेवावें.

शेतकरी बंधूंनींही अशा वेळीं वारंवार बटण दाबूं नये. त्यानें संशय वाढण्याचाच संभव. दुसऱ्या जोडणीवरून पाहावें, पडद्याचें चित्र व वेळ जपून ठेवावी आणि लेखी तक्रार करावी. पासवर्ड मात्र कोणासही देऊं नये. तक्रारी न आल्या तर सर्व सुरळीत आहे असेंच वरिष्ठ समजतात, हा माझा नोकरींतला अनुभव आहे.