करार आणि निष्ठा

फुटबॉल म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें पायानें उडविलेला वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत त्याच नांवानें जो खेळ चालतो त्यांत पायांचें काम थोडें आणि हातांचें व खांद्यांचें फार. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातांत धरून किंवा सोबत्याकडे फेकून शंभर यार्डांच्या मैदानाच्या शेवटास नेणें हा खेळाचा हेतु. त्याचे सगळे नियम सांगण्याचा आमचा विचार नाहीं. ते फार किचकट आहेत, आणि त्यांवांचूनही आमचें म्हणणें वाचकांस कळेल. जानेवारीमध्यें तेथील बाद फेऱ्या, ज्यांस प्लेऑफ म्हणतात, सुरू झाल्या कीं प्रेक्षकांत दोन प्रश्नांची चर्चा रंगते. अमुक संघाचा कॉर्नरबॅक तमुक संघाच्या रिसीव्हरास आवरील काय, हा पहिला. आणि मार्चमध्यें करार संपून तो फ्री एजंट, म्हणजे मोकळा खेळाडू, झाला कीं किती डॉलर मागेल व कोणत्या संघास जाईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नांत तो वीर असतो, दुसऱ्यांत बहुधा कृतघ्न ठरतो. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

कॉर्नरबॅक हा बचाव करणाऱ्या बाजूचा गडी. मैदानाच्या कडेला, इतरांपासून दूर, तो जवळजवळ एकटाच उभा असतो. रिसीव्हर म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. आपण कोठें धांवणार हें त्याला ठाऊक असतें, कॉर्नरबॅकला नसतें. त्यानें धांव घेतली कीं ह्यानें तोंड न फिरवितां मागें मागें सरावयाचें, मग एका क्षणांत वळून त्याच्या बरोबरीनें धांवावयाचें, आणि पहिल्या पांच यार्डांनंतर त्याला अडवून धरावयाचें नाहीं. हें काम चांगलें झालें तर त्या बाजूस चेंडू फेकलाच जात नाहीं, म्हणजे प्रेक्षकांस कांहींच दिसत नाहीं. एकदां चुकलें तर मात्र साठसत्तर हजार लोकांस एकदमच दिसतें. (केलेलें दिसत नाहीं आणि चुकलेलें तेवढें दिसतें, असा आणखी एक धंदा आम्हांस ठाऊक आहे, पण त्याविषयीं शाळेच्या वार्षिक अंकांत न बोललेलें बरें.)

ह्या कामाच्या दोन रीती आहेत. न्यूयॉर्क जेट्स संघाचा डॅरेल रेव्हिस प्रतिपक्षाच्या उत्तम रिसीव्हराच्या मागोमाग मैदानभर जात असे. त्याच्या तावडींत सांपडलेला गडी एकाकी पडे, म्हणून लोक त्या जागेला ‘रेव्हिसचें बेट’ म्हणूं लागले. सिॲटल सीहॉक्स संघाचा रिचर्ड शर्मन बहुतेक डाव्या बाजूसच उभा राही, जो समोर येईल त्याला आवरी. ह्यांत थोर कोण, हा वाद अजून मिटलेला नाहीं. जानेवारी २०२० मध्यें खुद्द रेव्हिसनेंच ह्यावरून शर्मनला जाहीर टोमणा मारला. आम्हांस हा वाद निष्फळ वाटतो. कोठें उभें राहावयाचें हें शिक्षक ठरवितो, गडी नव्हे.

१९ जानेवारी २०१४ रोजीं सिॲटल येथें त्या संघाचा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सशीं सामना झाला. जिंकणारा संघ अंतिम सामन्यास जाणार होता. सिॲटल २३, सॅन फ्रान्सिस्को १७. अवघे ३० सेकंद उरलेले. चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या हातीं, सिॲटलच्या अंतिम रेषेपासून १८ यार्डांवर. कॉलिन कॅपर्निक ह्यानें उजव्या कोपऱ्यांत मायकेल क्रॅबट्रीकडे चेंडू फेकला. शर्मन क्रॅबट्रीला लागूनच होता. त्यानें उडी घेऊन डाव्या हातानें चेंडू उडविला, आणि मागून आलेल्या माल्कम स्मिथनें तो झेलला. सामन्याचा निकाल तेथेंच लागला. दोन आठवड्यांनीं सिॲटलनें डेन्व्हरला ४३–८ असें हरवून अजिंक्यपद मिळविलें.

सामना संपतांच ध्वनिक्षेपकापुढें शर्मन ओरडून बोलला. आपण सर्वोत्तम आहों आणि क्रॅबट्री सामान्य प्रतीचा आहे, असें त्यानें सांगितलें. आमच्या मैदानावर कोणी असें बोलतां तर त्याला आम्ही पुढचे दोन सामने बाहेर बसविलें असतें. परंतु तेवढ्यावरून असंख्य लोकांनीं त्याला ‘गुंड’ ठरविलें, हें अधिक वाईट. हा मनुष्य कॉम्प्टनसारख्या गरीब वस्तींतून येऊन स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पदवीधर झालेला. काळ्या माणसास पूर्वींचा निंद्य शब्द आतां उघड म्हणतां येत नाहीं, म्हणून लोक हा शब्द वापरतात, असें उत्तर त्यानें दिलें. तें आम्हांस पटतें.

त्या मोसमाचें त्याचें मूळ वेतन ५ लाख ५५ हजार डॉलर होतें. आमच्या दृष्टीनें ही रक्कम प्रचंड आहे, पण त्या खेळांत ती तळाकडची. नवीन खेळाडूस संघ निवडतां येत नाहीं. संघच पाळीपाळीनें खेळाडू निवडतात, आणि २०११ मध्यें शर्मनचा क्रमांक १५४ वा लागला होता. पुढें करार संपल्यावर खेळाडूनें मोकळें व्हावें ही व्यवस्थाही जुनी नाहीं. १९९२ मध्यें मिनिआपोलिस येथील ज्यूरीनें संघमालकांचे बंधनकारक नियम बेकायदा ठरविले, तेव्हां कोठें १९९३ मध्यें मालक व खेळाडू ह्यांच्यांत समेट झाला. त्याच वर्षीं रेजी व्हाइट, जो बॅप्टिस्ट मंडळीचा दीक्षित उपदेशकही होता, फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बे संघास मिळाला. चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर.

येथें चाहत्यांची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती अगदींच पोकळ नाहीं. त्याच समेटाच्या पोटीं १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनास मर्यादा घातली गेली: त्या वर्षीं ३ कोटी ४६ लाख, २०२५ मध्यें २७ कोटी ९२ लाख डॉलर. तेव्हां एका कॉर्नरबॅकनें अधिक घेतलें तर सोबत्यांस कमी उरतें, म्हणून निष्ठावंतानें थोडक्यांत संतोष मानावा, असें ते म्हणतात. ठीक आहे, परंतु ही मर्यादा मालकांनीं हट्टानें मागून घेतलेली आहे, आणि काटकसरीचा उपदेश मात्र एकट्या खेळाडूस. शिवाय करार दोन्ही पक्षांस सारखाच बांधतो असें चाहते गृहीत धरतात. तें खरें नाहीं. वर्तमानपत्रांत जो आंकडा छापतात त्यांतील हमी दिलेला भाग तेवढा खरा. उरलेला, संघाची मर्जी असेल तर. रेव्हिसशीं टॅम्पा बे संघानें २०१३ मध्यें सहा वर्षांचा ९ कोटी ६० लाखांचा करार केला. हमी एका डॉलराचीही नव्हती, आणि एका मोसमानंतर त्याला सोडून दिलें. कॅपर्निकचा २०१४ चा करार १२ कोटी ६० लाखांपर्यंतचा म्हणून गाजला. पुरती हमी १ कोटी ३० लाखांच्याही आंतलीच. खेळाडू वेतन वाढवून मागण्यासाठीं घरीं बसला तर करार मोडला म्हणून ओरड होते. संघानें त्याला वाटेस लावलें तर त्याला व्यवहार म्हणतात.

शर्मनला मे २०१४ मध्यें चार वर्षांच्या वाढीव करारानें ५ कोटी ७० लाखांहून अधिक कबूल झाले. नोव्हेंबर २०१७ मध्यें ॲरिझोनाविरुद्ध खेळतांना त्याच्या टांचेची शीर तुटली. करारांत एक वर्ष उरलें असतांही मार्च २०१८ मध्यें सिॲटलनें त्याला मुक्त केलें. दुसऱ्याच दिवशीं तो सॅन फ्रान्सिस्कोशीं बोलून मोकळा झाला! ज्या संघाचा चेंडू उडवून त्यानें नांव मिळविलें त्यालाच तो मिळाला, ह्याचा सिॲटलच्या चाहत्यांस राग यावा हें स्वाभाविक आहे. पण दार कोणीं लावलें होतें?

ह्या वेळीं त्यानें मध्यस्थ ठेवला नाहीं. मध्यस्थास शेंकडा ३ पर्यंत दलाली मिळते. खेळाडूंच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळावर असलेल्या ह्या गृहस्थानें करार स्वतःच वाचला आणि स्वतःच ठरविला. तीन वर्षांचे जास्तींत जास्त ३ कोटी ९१ लाख ५० हजार, परंतु सहीच्या वेळीं ३० लाख. बाकीच्यांतील बराच भाग सामन्यांतील हजेरीवर आणि मानाच्या संघांत निवड होण्यावर अवलंबून. जाणत्यांनीं त्याची फार थट्टा केली. तीस वर्षांचा, टांच तुटलेला गडी स्वतःच वकील होऊं पाहतो, असा त्यांचा सूर होता. पहिल्या वर्षीं निवड झाली नाहीं. २०१९ मध्यें झाली, आणि करारांत लिहिलेले पैसे त्यानें कमावले. आमच्या मतें त्या सबंध कारकीर्दींत त्या करारासारखें धैर्याचें कृत्य दुसरें नाहीं. चेंडू उडविणें त्याच्या सरावाचें होतें, हें नव्हतें.

१९ जानेवारी २०२०, म्हणजे बरोबर सहा वर्षांनीं त्याच तारखेस, सॅन फ्रान्सिस्कोनें ग्रीन बे संघास ३७–२० असें हरविलें, आणि ॲरन रॉजर्सचा अखेरचा चेंडू शर्मननें झेलला. चाहत्यांनीं त्याला डोक्यावर घेतलें. पुढच्या पंधरवड्यांत अंतिम सामन्याच्या उत्तरार्धांत कॅन्सस सिटीच्या सॅमी वॉटकिन्सनें त्याला मागें टाकून ३८ यार्डांचा झेल घेतला, संघ ३१–२० असा हरला, आणि तेच लोक त्याच्या वयाचा हिशेब करूं लागले. २०२० च्या मोसमांत दुखापतीमुळें तो पांचच सामने खेळला. करार संपला, सॅन फ्रान्सिस्कोनें तो पुन्हां केला नाहीं. संघ सोडून जाणाऱ्या खेळाडूचा सदरा जाळण्याची तेथील कांहीं चाहत्यांची रीत आहे. त्या मार्चमध्यें संघाचा झेंडा कोणीं जाळल्याचें मात्र आमच्या वाचनांत आलें नाहीं.