पाच दगडांचे पांडव

मार्गशीर्षातल्या एळ्ळ अमावास्येला शाळा बुडवून मुलांना शेतावर नेणं हा अडाणीपणा आहे, असं हुबळीच्या कमरीपेठेतल्या एका पालकसभेत एका सुशिक्षित गृहस्थांनी ठणकावून सांगितलं. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांमुळेच हे लिहावं लागतंय.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रानात साप-विंचू. धुळीत लोळून मूल काही शिकत नाही. कल्पनाशक्ती वाढवायची तर तिचे वर्ग आहेत, तिथे तज्ज्ञ आहेत. आणि शेतकऱ्याच्या मुलाला खेळायला सवड कुठे असते? शहरात राहून गावाचे गोडवे गाऊ नयेत.

सापांचं उत्तर सोपं आहे. ज्यांची शेतं आहेत ती माणसं वर्षभर तिथेच वावरतात. पायात वहाण आणि मोठ्यांचं लक्ष असलं की एक दिवस निभावतो. बंद खोलीतही मुलाचं काही बिघडत नाही, असं कुणी समजू नये. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर ठेवलं. ३ वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. इतर शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

पण ‘शिकत नाही’ हे मात्र मी सोडणार नाही. या गृहस्थांनी कडब्याच्या ताटाची बैलगाडी करणारं पोर कधी निरखून पाहिलंय का? आधी ताटाची साल सोलायची. ती धारदार असते, हलगर्जीपणा केला की बोट कापतं. आतला गाभा हलका आणि मऊ, त्याचे तुकडे करायचे आणि सालीच्याच कामट्या खिळ्यांसारख्या खुपसून ते जोडायचे. साल वाकवून चाक करायचं. ती तडकली की दुसरी घ्यायची. जू कुठे बसतं, आस कुठून जातो, हे आठवेना की पोर उठून खऱ्या गाडीखाली डोकावून येतं. मग बैल हवेत. आमच्याकडे ज्येष्ठातल्या मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल घरोघर पुजतात, तेव्हा ते कसे दिसतात हे मुलाला ठाऊकच असतं. पण इथली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पहिल्या बैलाला तडे जातात. मग कुणी मातीत राख मिसळतं, कुणी वाळू, कुणी बैल उन्हातून सावलीत नेतं. मातीचा स्वभाव, लाकडाचं बळ, यंत्राची जोडणी, सगळं त्या एका दुपारी हाताखालून जातं, आणि हे शिकवायला कुणी बसलेलं नसतं. फी भरल्याशिवाय मुलाला काही सुचत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती गाडी स्वतः करून दाखवावी.

आणि हा पोरखेळ म्हणायचा, तर त्या दिवशी थोरं काय करतात? बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात, कुंकू लावतात, नैवेद्य दाखवतात. मग चरगा, म्हणजे नैवेद्याचं अन्न, घेऊन उभ्या पिकात चारी दिशांना घास टाकतात. आजोबांनी दगडाला धर्मराज म्हटलं तर ती पूजा, आणि नातवानं शेजारच्या दगडाला बैल म्हटलं की वेळेचा अपव्यय? दोघं एकाच बांधावर बसून एकच गोष्ट करतात. मूल ती मोठ्यांकडूनच घेतं. वर्गात पांडव मांडणारे आजोबा नसतात, आणि वर्गाची उणीव आहे ती इथेच.

ही कटकट जुनीच आहे. होळी आली की हलगी बडवत लाकडं-गोवऱ्या मागत फिरणाऱ्या पोरांवर दरवर्षी कुणीतरी असंच तोंड सोडतं: परीक्षा जवळ आली, शिस्त नाही, बंद करा. पोरं तरीही गल्लोगल्ली कामण्णाची, म्हणजे कामदेवाची, मूर्ती बसवतात. वर्गणी मागणं, हिशेब ठेवणं, दुसऱ्या गल्लीच्या पोरांपासून रात्रभर लाकडं राखणं, हे त्यांना कुठल्या शिबिरात शिकवलं गेलं?

शेतकऱ्याच्या मुलाला सवड नसते, हा मात्र त्यांचा एकच वजनदार मुद्दा. तो खरा आहे आणि त्यानं जीव तुटतो. पण त्यावरचा उपाय बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी करून दाखवला. १९४५ साली बोर्डीत त्यांनी काम सुरू केलं. पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नाही हे पाहून त्यांनी शाळाच चराईच्या रानात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. काम करणाऱ्या मुलापर्यंत खेळ पोहोचवायचा, की त्याच्या नावानं पेठेतल्या मुलाचाही खेळ काढून घ्यायचा?

माझं मागणं फार नाही. येत्या मार्गशीर्ष अमावास्येला ज्यांची कुंदगोळ-नवलगुंदकडे शेतं किंवा सोयरे आहेत, त्यांनी पेठेतली दोन-चार शेजारची पोरंही गाडीत घ्यावीत. सज्जे रोटी, एण्णेगाई, शेंगा होळिगे जेवू घालावी, आणि जेवण झाल्यावर त्यांना कसलाही कार्यक्रम देऊ नये. स्पर्धा नको, बक्षीस नको, फोटोसाठी रांग नको. शेतावरच्या पोरांनाही त्या दुपारी कामातून मोकळं करावं, म्हणजे ताट सोलायचं कसं हे ती पेठेतल्यांना दाखवतील. शाळांनी त्या एका दिवसाची गैरहजेरी मांडू नये.