गोष्टीतली आई घोड्यावरून येते

शेणाचं घर वाहून गेलेला कावळा पावसात भिजत चिमणीच्या दाराशी उभा राहतो, आणि चिमणी आतून सांगत राहते: थांब, बाळाला आंघोळ घालते आहे, थांब, बाळाला तीट लावते आहे. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी सांगायला नको. बहुतेकांनी ती चिमणीच्या बाजूने ऐकली. कावळा ओरबाडणारा, चिमणी कष्टाळू, तेव्हा दार लवकर न उघडण्यात तिचं काही चुकलं असं आपल्याला वाटत नाही. पण 1868 साली लंडनच्या जॉन मरे यांनी 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचा लोककथासंग्रह काढला, त्यातही ही गोष्ट आहे, आणि तिथे तिचं नावच आहे 'स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे'. दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखात कुणीतरी बाहेर भिजणाऱ्याच्या बाजूने ही गोष्ट सांगत होतं.

ते कुणीतरी म्हणजे ॲना लिबेराता डिसूझा. पुस्तकावर नाव आहे मेरी फ्रियर यांचं. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची ही मुलगी 1865-66च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाली. मुक्काम तंबूंत, आणि सोबतीला आया ॲना. ॲनाचं घराणं मूळचं कालिकतचं, लिंगायत. गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथे तिचे आजोबा ख्रिस्ती झाले. गोष्टी तिच्या आजीच्या. मेरीने त्या इंग्रजीत उतरवून घेतल्या आणि गोष्टींआधी ॲनाची स्वतःची हकिगतही छापली. याबद्दल मला मेरी फ्रियरविषयी फार कृतज्ञता वाटते, कारण त्या काळच्या संग्रहांत सांगणारी बाई बहुधा निनावीच राहून जाते.

या पुस्तकातली सोदेवाबाई माझी सर्वांत लाडकी. ती राजाची मुलगी, गळ्यात सोन्याची माळ घेऊन जन्मलेली, आणि त्या माळेत तिचा जीव. डोंगरावर फुलं वेचताना तिच्या पायातला सोन्याचा जोडा घरंगळत खाली जातो, तो एका राजपुत्राला सापडतो, तो तिला शोधून लग्न करतो. इथवर आपण सिंड्रेलाला ओळखलेलं असतं. पण युरोपातली गोष्ट लग्नाच्या मांडवात थांबते, ॲनाची गोष्ट तिथून खरी सुरू होते. घरात आधीची राणी आहे. ती माळ चोरवते. माळ चोरणारीच्या गळ्यात असते तोवर सोदेवाबाई मेलेली. रात्री चोरणारी माळ उतरवून ठेवते, तेव्हा सोदेवाबाई पुन्हा श्वास घेते. दिवसा प्रेत, रात्री जिवंत बाई, आणि या अवस्थेत ती मूलही जन्माला घालते. शेवटी ते मूलच आईची माळ परत आणतं. सासरी गेलेल्या बाईचा जीव दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, हे मी पुष्कळ कादंबऱ्यांत वाचलं आहे. इतक्या थोडक्यात आणि इतक्या भेदकपणे ते सांगितलेलं मला दुसरीकडे आढळलं नाही.

अशा परीकथा मी आजही वाचते. घरातल्या मुलांना वाचून दाखवायच्या म्हणून नाही, माझ्यासाठी वाचते. त्यांचं जे मला सर्वांत जास्त ओढतं ते म्हणजे त्या कारणं देत बसत नाहीत. जंगल आहे, भूक आहे, आरसा बोलतो. का बोलतो, हे विचारायची उसंत कुणाला नाही. पात्रांना धड नावंसुद्धा नसतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला आत शिरायला भरपूर जागा मिळते, आणि म्हणूनच प्रत्येक पिढीला या गोष्टी नव्याने सांगाव्याशा वाटतात.

परीकथांच्या नव्या रूपांवर एक आक्षेप दरवेळी ऐकू येतो: मूळ गोष्टीची मोडतोड कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांनी ग्रिम बंधूंच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाचा पहिला खंड 1812मध्ये निघाला. त्यातल्या हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. मुलीचं काळीज-फुप्फुस म्हणून आणलेला प्राण्याचा ऐवज ती शिजवून खाते. 1819च्या आवृत्तीत ही आई सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला सांगणारी बाईही आधी सख्खीच होती. 1840च्या आवृत्तीत तिलाही सावत्र केलं. 1857ची सातवी आवृत्ती येईपर्यंत विल्हेल्म या गोष्टींवर हात फिरवतच होता. मातृत्वाच्या पावित्र्याला धक्का बसू नये म्हणून त्याने हे केलं, असं अभ्यासक मानतात. हेतू सज्जनपणाचा असेल. पण त्या एका दुरुस्तीने जगभरच्या सावत्र आयांवर केवढा अन्याय झाला, आणि सख्ख्या आईच्या रागाबद्दल बोलायची केवढी मोठी वाट बंद झाली! तेव्हा 'मूळ' म्हणून आपण ज्याला कवटाळतो तीही एका संपादकाने केलेली निवडच असते. गोष्ट पुन्हा सांगणारा दरवेळी दोन गोष्टी ठरवतो: दोष कुणाला द्यायचा आणि संकटात हाक कुणाला मारायची.

अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेला हे नेमकं कळलं होतं. तिने आधी शार्ल पेरोच्या फ्रेंच गोष्टींचा इंग्रजी अनुवाद केला, तो 1977मध्ये आला. दोन वर्षांनी 'द ब्लडी चेंबर' आलं. पेरोच्या 1697च्या पुस्तकात निळ्या दाढीच्या सरदाराची गोष्ट आहे: बायकोच्या हाती किल्ल्यांचा जुडगा, एक खोली उघडायची नाही, आणि त्या खोलीत आधीच्या बायकांची प्रेतं. तिथे नायिकेला वाचवायला तिचे भाऊ धावत येतात. कार्टरच्या कथेत तिची आई येते. पांढऱ्या केसांची विधवा आई, घोडा भरधाव सोडून, हातात नवऱ्याचं जुनं पिस्तूल. दीडशे वर्षांपूर्वी ज्या आईला गोष्टीतून हद्दपार केलं होतं तीच ही, असं मला तो प्रसंग वाचताना दरवेळी वाटतं. कार्टरने किल्ली ठेवली, रक्ताचा न निघणारा डाग ठेवला, भीती तर दुणावली. फक्त हाक कुणाला जाते, ते बदललं.

आपल्याकडे विजयदान देथांनी राजस्थानातल्या बोरुंदा गावी बसून आयुष्यभर हेच काम केलं. त्यांच्या 'दुविधा'त व्यापाऱ्याचा मुलगा लग्न होताच कमाईसाठी दूरदेशी जातो आणि नव्या नवरीवर जीव जडलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. भूत तिला खरं सांगतं, आणि ती त्याला स्वीकारते. यावर मणी कौल यांनी 1973मध्ये चित्रपट केला, तर अमोल पालेकरांनी 2005मध्ये 'पहेली'. कौल यांच्याकडे भूत कातडी पिशवीत कोंडलं जातं आणि तिला न निवडलेल्या नवऱ्याबरोबर राहावं लागतं. पालेकरांकडे भूत नवऱ्याच्या देहात शिरतं आणि तिने निवडलेला तिला मिळतो. पालेकरांना तिच्या बाजूने उभं राहायचं होतं हे दिसतं, त्याचा मला आदर आहे. तरी मी कौल यांच्या शेवटाकडे झुकते. त्या घरात तिला कुणीच काही विचारलं नाही, हे तिथे मनाला जास्त लागतं.

नव्या रूपांतली सगळीच मला आवडतात असं नाही. खलनायिका दुष्ट का झाली याचा पूर्वेतिहास सांगायची अलीकडे रीतच पडली आहे. 2014च्या 'मॅलिफिसंट' चित्रपटात झोपी गेलेल्या राजकन्येला शाप देणारीचे पंख तिच्या प्रियकराने कापून नेलेले असतात. तो प्रसंग अंगावर येतो, नाकारत नाही. पण सगळ्या शापांना अशी कारणं जोडली की गोष्टीतला अंधार आटतो. मुलांनाही तो अंधार लागतो; जगात विनाकारण वाईट घडतं हे त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

आणि परीकथा म्हटलं की आपली नजर युरोपाकडेच का जावी? दर श्रावणात घराघरांत वाचली जाणारी शुक्रवारची कहाणी घ्या. श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो, गरीब बहीण मुलांना घेऊन न बोलावता जाते, भाऊ तिला पानावरून हाताला धरून उठवतो. पुढे तिचे दिवस पालटतात, भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो. ती शालू नेसून, दागिने लेवून जाते, दागिने उतरवून पाटावर मांडते आणि एकेका दागिन्यावर जिलबी, लाडू ठेवत जाते. जेवणाचं बोलावणं यांना आहे, मला नाही, असं भावाला सांगते. यात एकही परी नाही. पण माहेरच्या दारात बहिणीची किंमत कशावर ठरते, हे इतक्या धीटपणे मांडणारी गोष्ट आपण व्रताच्या पोथीत ठेवून दिली आणि साहित्य म्हणून क्वचित वाचली. भाऊबीज तोंडावर असताना ती जरूर पुन्हा वाचावी.

परीकथांच्या या ओढीतून या दिवाळी अंकाचा विषय ठरला. लेखकांना आम्ही एवढंच सुचवलं होतं की लहानपणी ऐकलेली एक गोष्ट निवडा आणि आज ती तुम्हाला जशी सांगावीशी वाटते तशी सांगा. शेवट गोड करा अशी अट घातली नाही, बोध तर मागितलाच नाही. आलेल्या कथांत राक्षस आहेत, सवती आहेत, बोलणारी झाडं आहेत आणि एक सून आहे जी शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. काही कथा मुलांबरोबर मोठ्याने वाचता येतील, काही मुलं झोपल्यावर वाचाव्यात. त्या कुठल्या, हे आम्ही अनुक्रमणिकेत ठरवून दिलेलं नाही. ते घरच्यांना अधिक चांगलं समजतं.

एक विनंती. तुमच्या घरात सांगितली जाणारी आणि छापलेली कुठेच न सापडणारी गोष्ट असेल तर आम्हाला लिहून पाठवा. अर्धीमुर्धी आठवत असली तरी चालेल, बोलीत असेल तर बोलीतच लिहा, शुद्धलेखनाची काळजी नको. ती कुणाकडून ऐकली, त्यांचं नाव आणि गाव मात्र लिहायला विसरू नका. मार्चअखेरपर्यंत हाती आलेल्या गोष्टी पुढच्या दिवाळी अंकात सांगणाऱ्यांच्या नावानिशी छापायचं आम्ही ठरवलं आहे.