मुठीतले तोळे

नाहूर स्थानकाजवळच्या एका किराणा दुकानात, गल्ल्याच्या खणात, पितळी मुठीचा घडीचा चाकू वर्षानुवर्षे पडून असे. सुतळी कापणे, गोणीची शिवण उसवणे ही त्याची रोजची कामे. एके दिवशी सुतळी ओढताना तो अचानक मिटला आणि दुकानमालक आजोबांच्या तर्जनीवर काप गेला. जखम भरली, पण घरात प्रश्न उभा राहिला.

“आजोबा, आता हा बदला ना,” नातू म्हणाला.

“अरे, हातात बसलेला चाकू आहे तो,” आजोबांनी उत्तर दिले.

शेवटी शेजारच्या सराफाच्या काट्यावर तीन चाकू तोलले गेले. नातवाचा ९१ मिलिमीटरचा साधा स्विस चाकू सुमारे ६० ग्रॅमचा, म्हणजे पाच तोळ्यांहून किंचित अधिक भरला. लाकडी मुठीचा, ८ क्रमांकाचा फ्रेंच ओपिनेल ४५ ग्रॅमच्या आसपास, चार तोळ्यांस थोडा कमी. जुना चाकू मात्र अकरा तोळ्यांचा निघाला.

आजोबांनी मग प्रत्येक चाकू उघडून बोटावर आडवा धरला. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड, तर ओपिनेलच्या मुठीचे बीच लाकूड पाण्याहूनही हलके. त्यामुळे पितळी चाकूचा तोल मुठीत राहतो आणि तळहाताला तो भरीव वाटतो. लाकडी चाकूचा तोल पात्याच्या जोडाकडे सरकतो. फळ सोलताना हा हलकेपणा सुखावतो.

परंतु सुतळी वजनाने कापली जात नाही. ती धारेने कापली जाते. त्या वेळी सारा ताण जोडावर येतो. जुन्या चाकूचे पाते केवळ पट्टीच्या दाबाने उघडे राहत असे आणि ती पट्टी झिजली होती. नातवाच्या स्विस चाकूचे पातेही अशाच दाबावर टिकते. फक्त त्याची पट्टी अजून ताठ आहे. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये साधाच चाकू घडवला होता. पाते अडकवून ठेवणारे फिरते कडे त्याला १९५५ मध्ये बसले. रामपूरच्या चाकूलाही खटका असतो, पण त्याच्या नावाला धाक चिकटलेला. घरगुती वा कामाच्या अवजाराखेरीज नऊ इंचांहून लांब पात्याला कायद्याने परवाना लागतो. दुकानदाराला बोटाएवढे पाते पुरते.

आजोबांनी ओपिनेलचे कडे फिरवून पाहिले. “पावसाळ्यात याचे लाकूड फुगेल, उघडायला जड जाईल,” ते म्हणाले.

“पण बोटावर मिटणार नाही,” नातू म्हणाला.

आजोबा क्षणभर थांबले. जुना चाकू त्यांनी पुसला, तेलाचा थेंब देऊन मिटला आणि घरच्या कपाटात ठेवला. हातात बसलेली वस्तू भरवशाची वाटते. तिचा जोड मात्र अधूनमधून तपासावा लागतो. गल्ल्याच्या खणात आता चार तोळ्यांचा चाकू आहे.